एल्स्पेथची आत्या

दादाच्या घरातली वरची छोटी खोली त्या शनिवारी फिकट हिरवी झाली होती. मी दारात उभी होते. पाठीवर सॅक, एकाच पायात मोजा. दुसरा बर्फात भिजला होता म्हणून खाली हीटरवर वाळत टाकला होता. खोलीत स्टुलावर चढून वहिनीची धाकटी बहीण भिंतीवर लाकडी अक्षरं चिकटवत होती. केस पेन्सिलीने वर खोचलेले, कोपरापर्यंत रंग.

"पहिलं अक्षर सरळ आहे का, बघ ना जरा," ती मागे न बघताच म्हणाली. अर्थात इंग्रजीत.

ते डावीकडे कललं होतं. मी म्हणाले, "सरळ आहे."

मग मी बाकीची अक्षरं पाहिली. काही भिंतीवर होती, काही खाली कागदावर रंग वाळायची वाट बघत पडली होती. जुळवून वाचायला फार वेळ लागला नाही. एल्स्पेथ. माझ्या भावाच्या मुलीचं नाव ठरलं होतं, रंगवूनही झालं होतं, आणि मला ते भिंतीकडून कळत होतं.

मुलगी अजून जन्मायची होती. ती मुलगीच आहे हे इथे कॅनडात डॉक्टर आधीच सांगतात. आमच्याकडे सांगलीला आई अजून बाळासाठी एक टोपडंसुद्धा शिवायला तयार नव्हती. मूल हातात येईपर्यंत काही आणायचं नाही, काही बोलायचं नाही. इथे कपाटात फ्रॉक टांगलेले होते आणि भिंतीवर नाव होतं.

मी खाली गेले. दादा स्वयंपाकघरात कांदा चिरत होता.

"नाव ठरलं?" मी विचारलं.

"अगं हो! तुला सांगायचंच राहिलं की." त्याने सुरीच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. "कसं वाटलं?"

"छान आहे."

"आईला अजून म्हणता येत नाही. फोनवर तीन वेळा म्हणाली आणि शेवटी म्हणते, मी आपली तिला बाळीच म्हणेन." तो हसला. मीही हसले.

सांगायचं राहिलं. त्या दोन शब्दांचं मी पुढे कितीतरी दिवस काहीबाही करत बसले.

आमच्या घरी बाळाचं नाव आत्या ठेवते. माझं नाव माझ्या आत्याने ठेवलं. आईच्या मनात वेगळं होतं, आजीने तिसरंच धरून ठेवलं होतं, पण बारशाला आत्या पाळण्यावर वाकली आणि तिच्या तोंडून माझ्या कानात जे गेलं ते कायमचं ठरलं. "मला विचारलंसुद्धा नाही तिने," असं आई अजून म्हणते. लहानपणी ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा ऐकायला मागायचे. ज्या आत्याला आमच्या घरात भाजी कुठली करायची हेसुद्धा कुणी विचारत नसे, जी माहेरी आली की स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसायची, तिच्या हातात त्या एका मिनिटात सगळं होतं. ती वाकली की घरातली सगळी माणसं गप्प. मला ते फार आवडायचं. मी बोलणारी मुलगी नव्हते, पण पुढेमागे एकदा माझ्याही वाट्याला असं वाकणं येईल, हे मला पक्कं माहीत होतं.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. तो कॅनडाला निघाला तेव्हा मी नववीत होते. हॉलमध्ये बॅग उघडी पडलेली, आई त्यात लोणच्याची बरणी टॉवेलात गुंडाळून कोंबत होती, आणि मी रडू नये म्हणून दादा उगाच काहीतरी बोलत होता. त्यात म्हणाला, "हे बघ शहाणे, मला मुलगी झाली तर नाव तू ठेवायचंस. आत्तापासून शोधून ठेव."

मी शोधून ठेवलं. त्याच वर्षी. नंतर ते कधी बदललं नाही, कुणाला सांगितलं नाही, कुठे लिहिलंही नाही. इथेही लिहिणार नाही.

मी कॅनडाला आले ते दोन हजार सोळात, शिकायला. माझं कॉलेज लंडनला. ओंटारिओतलं लंडन, सांगलीत सगळ्यांना हे दोनदा सांगावं लागे. आठवड्यात कॉलेज आणि एका ग्रोसरीच्या दुकानात पार्ट टाइम, आणि जमेल त्या शनिवारी बसने दादाकडे वॉनला. माझं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. निबंधात माझा पहिला नंबर ठरलेला. पण लिहिताना जे इंग्रजी माझं असे, ते बोलताना दुसऱ्याच कुणाचं होऊन जाई. दादाच्या टेबलावर सगळे भराभर बोलत, एकमेकांचं वाक्य तोडत, आणि मी मनात वाक्य नीट जुळवून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. वहिनीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मला नावानेच हाक मार. ते मला जमेना. 'वहिनी' म्हणावं तर तिला कळणार नाही. म्हणून मी तिला कशानेच हाक मारत नसे. ती माझ्याकडे बघेपर्यंत थांबायचे.

तिची बहीण मात्र बूट दारात भिरकावून आत शिरायची आणि सरळ फ्रिज उघडायची. दादाला तिने त्याच्या नावाचं एक तोकडं रूप करून दिलं होतं, एवढंसं, आणि तो त्याला ओ द्यायचा. ती त्याच्या खांद्यावर चापट मारून बोलायची. ती आणि मी एकाच वयाच्या. मला तिच्याविषयी जे वाटायचं त्याला मी तेव्हा 'आवडत नाही' असं म्हणायचे. आवडत नाही हा शब्द फार सौम्य होता.

त्या शनिवारी रात्री जेवायला वहिनीची आईही होती. उंच, पांढऱ्या केसांच्या, नोव्हा स्कोशियात जन्मभर नर्स म्हणून काम केलेल्या बाई. त्यांचे पूर्वज स्कॉटलंडहून तिथे आले होते, आणि त्यांच्या बोलण्यातून ते जणू परवाच आले असावेत असं वाटे. दादाने वाटाण्याची उसळ केली होती. बाई प्रत्येक घासाआधी वाटाण्याकडे संशयाने बघत होत्या.

"तुला आमची पद्धत सांगितली का यांनी?" वहिनीने मला विचारलं.

मी मानेनेच नाही म्हटलं.

"पहिल्या मुलीला आईच्या आईचं नाव. दुसरीला वडिलांच्या आईचं. माझ्या आईला तिच्या आजीचं नाव आहे, आजीला तिच्या आजीचं. म्हणून ही एल्स्पेथ." तिने पोटावर हात ठेवला आणि मग समोर आईकडे बोट केलं, "आणि ही पण एल्स्पेथ."

"खरं तर मला फियोना हवं होतं," दादा म्हणाला. "मग एल्सा म्हटलं. दोन्ही नामंजूर."

"फियोना नावाच्या गायी असतात," बाई म्हणाल्या.

सगळे हसले. बहीण हसली नाही. ती ताटातले वाटाणे काट्याने एका रांगेत लावत होती. हे मी पाहिलं होतं. बघत बसणं एवढंच मला तिथे येत होतं. पण त्याचा अर्थ मी तेव्हा एवढाच लावला की रंगकामाने दमली असेल.

माझ्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. जिवंत माणसाचं नाव, तेही ते माणूस समोर बसून जेवत असताना! आमच्याकडे आजीचं नाव नातीला ठेवलं तरी ते आजी गेल्यावर, आणि मग ते नाव घेऊन मुलीला रागावता येत नाही म्हणून हाक मारायला दुसरंच काहीतरी. एल्स्पेथ, दूध सांडू नको, असं वहिनी कुणाला म्हणणार? मी हे त्यांना विचारलं असतं तर बाई कदाचित मोठ्याने हसल्या असत्या. मी विचारलं नाही.

"मधलं नाव तू सुचव ना," वहिनी मला म्हणाली. "काहीतरी इंडियन. तुमच्याकडे आत्याचा हक्क असतो म्हणे."

तिच्या बोलण्यात काही खोट नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणजे दादानेच, आणि तिने ते लक्षात ठेवलं होतं. टेबलावर सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात ते नाव तयार होतं, नववीपासून. आणि माझ्या मनात आलं: मधलं? आमच्याकडे मधल्या जागेवर बापाचं नाव असतं. मला ती जागा देताय जी आमच्याकडे रिकामीच नसते. पुढची जागा भरून झाल्यावर उरलेली.

"मी विचार करते," मी म्हणाले.

"कर, घाई नाही," वहिनी म्हणाली.

मी दादाकडे पाहिलं. आता तरी त्याला आठवेल असं वाटलं. बॅग, लोणच्याची बरणी, शहाणे. तो भात वाढत होता. "हिला एवढा विचार लागत नाही," तो म्हणाला, "लाजतेय ती."

पुढचे पाच-सहा आठवडे मी काहीच कळवलं नाही. वहिनीने एकदा मेसेज करून विचारलं, मी लिहिलं, अजून सुचत नाहीये. दुकानात बिस्किटांचे पुडे फळीवर लावताना मी रोज ते नाव मनात म्हणत होते आणि रोज कळवत नव्हते. त्यांनी पुन्हा विचारावं, आग्रह करावा, दादाने स्वतः फोन करून म्हणावं की अगं तुला वचन दिलं होतं मी. मार्चमध्ये मुलगी झाली तेव्हा दादाचा फोन आला. "तुझ्याकडून काही आलं नाही, मग आम्ही मध्ये माझंच नाव घातलं. आपल्याकडे तसंच असतं ना?"

"हो, तसंच असतं," मी म्हणाले.

आईचा व्हिसा आला नव्हता. तिचा सगळा जीव बारशात अडकला. एप्रिलमध्ये, ड्राइव्हवेच्या कडेला काळवंडलेला बर्फ अजून शिल्लक असताना, दादाने बारसं ठरवलं. ब्रॅम्पटनहून एक काकू बोलावल्या. या काकू कॅनडात आल्या तेव्हा दादाचा जन्मही झाला नव्हता. डॉक्टरकी करून निवृत्त झालेल्या, आणि आता आजूबाजूच्या सगळ्या मराठी घरांतली डोहाळजेवणं, बारशी त्याच चालवायच्या. त्यांनी डब्यात घुगऱ्या आणल्या आणि एका जुन्या शालीत गुंडाळून वरवंटा. "सामानातून आणलाय हा, सत्तर साली," त्या म्हणाल्या. "कस्टमवाल्याला वाटलं हत्यार आहे."

पाळणा नव्हता. झुलत नाही अशी एक जाळीची टोपली होती, तिला काकूंनी झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा बांधल्या. दादाने फोन फुलदाणीला टेकवून ठेवला. त्यात आई, पैठणी नेसून, रात्री साडेनऊला सांगलीत एकटीच बसलेली.

"आत्या कुठाय?" काकूंनी हाक मारली. "ये गं पुढे. बाळाच्या कानात नाव सांगायचं, कुर्रर्र करायचं. आणि बाकीच्यांनी काय करायचं माहितीये ना? आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे."

दादाने हे सगळं इंग्रजीत सांगितलं. वहिनीची आई म्हणाली, "का बरं मारायचं?" काकूंना कारण माहीत नव्हतं. "मजा म्हणून," त्या म्हणाल्या. "एवढा मान मिळतो, मग थोडा मार नको?"

"मलाही करायचंय," वहिनीची बहीण म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"मी पण आंटी आहे ना? कानात मी पण सांगते."

"मावशीचं नाही हो ते," काकू मराठीत मला म्हणाल्या.  मला वाटलं, आता दादा बोलेल.

"काय म्हणते ती?" फोनमधून आईने विचारलं. दादाने सांगितलं. आणि माझी आई, जिला आत्याने नाव ठेवल्याचं वीस वर्षं विसरता आलं नव्हतं, ती म्हणाली, "करू दे की मग! हौसेने म्हणतेय पोरगी. दोघींनी करा. आधी तिला करू दे, पाहुणी आहे."

पाहुणी. त्या घरात जी कधी दार वाजवत नसे ती पाहुणी होती, आणि मी घरची होते, म्हणून मी नंतर.

ती टोपलीवर वाकली. केस पुढे आले, ते तिने एका हाताने कानामागे नेले. बाळ जागं होतं. तिचे ओठ हलले, आणि काकू ओरडल्या, "कुर्रर्र! मारा!"

वहिनीने हळूच थोपटलं. वहिनीच्या आईने दोन बोटांनी टकटक केली, दार वाजवावं तशी. मी मूठ वळली आणि तिच्या पाठीत घातली. आवाज झाला. चांगला भरीव आवाज. तिने आईगंसारखं काहीतरी केलं आणि सगळे खळखळून हसले. काकू म्हणाल्या, "अस्सं! याला म्हणतात बारसं!" कुणालाच काही कळलं नाही. मला मात्र हातात झिणझिण्या आल्या होत्या आणि फार बरं वाटत होतं.

मग मी वाकले.

बाळाच्या कानाला दुधाचा वास होता. कान इतका लहान होता की त्यात एक नाव कसं मावेल असं वाटावं. मी ठरवून आले होते. आधी माझं सांगायचं. कुणाला ऐकू जाणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. माझ्या आत्यासारखं, मी वाकले की माझंच राज्य. मी तोंड उघडलं आणि ते येईना. इतकी वर्षं ते नाव मी एकदाही मोठ्याने म्हटलं नव्हतं. ते कसं ऐकू येतं हेच मला माहीत नव्हतं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघताना ते कुणा दुसऱ्याच मुलीचं वाटलं, सांगलीतल्या, नववीतल्या कुणाची तरी मनात वाढवलेली.

"एल्स्पेथ," मी म्हणाले. "कुर्रर्र."

पाठीत गुद्दा बसला. हलका नव्हता. मणक्याच्या बाजूला, पूर्ण ताकदीने, मी मारला होता त्याहून कणभर जास्तच. मी वळून पाहिलं. ती माझ्या मागे उभी होती. गाल लाल, आणि हसत नव्हती.

घुगऱ्या वाटून झाल्या, काकू वरवंटा शालीत गुंडाळून गेल्या, वहिनी बाळाला घेऊन वर जाऊन आडवी झाली. आम्ही दोघी भांडी घासायला उरलो. मी घासत होते, ती पुसत होती. 

"जोरात लागलं का?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. मग म्हणाले, "तुला?"

"भरपूर."

तिने एक वाटी पुसली आणि पुसतच राहिली. "ते नाव मला हवं होतं," ती म्हणाली. "माझ्या मुलीला. लहानपणापासून ठरवलं होतं. पण आमच्यात जिला आधी मुलगी होईल तिचं ते. ताईला आधी झाली." तिने खांदे उडवले. "आता एकाच घरात तिसरी एल्स्पेथ कुठे करणार? अक्षरं मीच रंगवून देते म्हटलं. निदान तेवढं तरी."

तिच्या हातात फडकं होतं आणि बाहेर दादा कुणाला तरी निरोप देत होता. मला ताटातले वाटाणे आठवले. ते कललेलं अक्षर आठवलं, जे मी सरळ आहे म्हणून सांगितलं होतं आणि जे अजून तसंच होतं.

"ताईला माहीत आहे?" मी विचारलं.

"हो तर. मी सांगितलं तिला. रडले, भांडले, एक आठवडा बोलले नाही." हे ती इतक्या सहज म्हणाली, जसं आज थंडी आहे म्हणावं. "तुझं काय? तुझ्या मनात होतं ना काहीतरी? ताई म्हणत होती की तुझा विचारच संपत नाहीये."

ती थांबली. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला. त्या घरात मला तो प्रश्न असा, उत्तराची वाट बघत, पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, आणि विचारणारी तीच असावी याचाही मला राग आला.

"नाही," मी म्हणाले. "काहीच नव्हतं."

तिने बरं म्हणून मान हलवली. तिला पटलं नसावं. मला तेव्हा तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा दादाच्या खांद्यावरच्या चापटीचाही कधी वाटला नव्हता. नाव तिचंही गेलं होतं. पण तिने ते मागितलं होतं, मोठ्याने, भांडून, आणि मग ते गेलं होतं. माझं गेलं आणि माझ्या भावाला अजून माहीतसुद्धा नव्हतं की काही होतं.

"आत्या म्हणजे फक्त वडिलांची बहीण ना?" तिने विचारलं. "मग मी कोण?"

"मावशी."

"हे मला बाळाला शिकवावं लागेल. नाहीतर इंग्रजीत आपण दोघी आंटीच."

"मी शिकवेन," मी म्हणाले. जरा जास्तच लवकर.

तेवढ्यात वरून बाळ रडलं. आधी बारीक, मग जोरात. वहिनी झोपली असावी. आम्ही दोघींनी एकाच वेळी जिन्याकडे पाहिलं. तिच्या हातात ताट होतं, ते ठेवायला तिला जागा सापडेना. माझे हात कोपरापर्यंत साबणाचे होते.

मी ते पुसलेही नाहीत. तशीच धावले.